महिन्याच्या पानावरील पहिली ओळ

इंग्रजी महिन्याचे शेवटचे दोन-तीन दिवस उरले की हल्ली पुण्या-मुंबईच्या, आणि आता नाशिक-कोल्हापूरच्याही, पुष्कळशा सुशिक्षित घरांत अभ्यासाच्या मेजावर एक लहानसे अनुष्ठान मांडले जाते. पाच-पाच मिलिमीटरच्या अंतराने फिकट ठिपके छापलेली वही उघडली जाते, निरनिराळ्या जाडीची काळी पेने, ब्रशपेने आणि रंगीत चिकटपट्ट्या भोवती पसरतात, आणि येणाऱ्या महिन्याचे पान आकार घेऊ लागते: डावीकडे एकाखाली एक तारखा, उजवीकडे करावयाच्या कामांची यादी, मागल्या पानावर झोप किती झाली, पाणी किती प्यायले, पावले किती चालली यांचे रकाने, आणि या सगळ्याच्या अग्रभागी, गणेशपट्टी असावी तशी, त्या महिन्याची ‘थीम’. ती बहुधा निसर्गाची असते. वेली, नेचे, अळिंबी, चंद्राच्या कला, समुद्राच्या लाटा, मधमाश्या आणि त्यांची पोळी, असे काहीतरी. या प्रकारास बुलेट जर्नल म्हणतात. त्याला कोणी छंद म्हणेल, कोणी कागदाचा नाश म्हणेल. मला मात्र त्यात एक जुना आणि अद्याप निकालात न निघालेला धार्मिक प्रश्न दिसतो. ज्या पानावर माणसाने आपल्या आचरणाचा जमाखर्च मांडायचा, त्याच पानावर, जिचा जमाखर्च मांडता येत नाही अशा सृष्टीला जागा द्यावी काय. आणि द्यावयाची तर ती शोभेची वस्तू म्हणून, की साक्षीदार म्हणून?

या पद्धतीचा प्रवर्तक रायडर कॅरोल हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहणारा एक रचनाकार. लहानपणापासून चित्त एका ठिकाणी न ठरण्याचा विकार असल्यामुळे त्याने स्वतःपुरती जी टिपणाची रीत बसवली, ती २०१३ साली त्याने जगापुढे ठेवली आणि २०१८ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. त्याची मूळ वही अगदी वैराग्याची आहे. काम म्हणजे एक ठिपका, प्रसंग म्हणजे एक पोकळ वर्तुळ, नुसती नोंद म्हणजे एक आडवी रेघ. काम झाले की ठिपक्यावर फुली. चित्र नाही, रंग नाही. ही सजावट मागाहून आली, आणि ती त्याने नव्हे तर त्याच्या अनुयायांनी आणली, जसे संप्रदायांचे नेहमीच होते. परंतु या कोरड्या पद्धतीत एक क्रिया अशी आहे की जिच्यामुळे तिला केवळ कारकुनी म्हणता येत नाही. महिना संपला की जी कामे राहून गेली ती एकेक करून नव्या महिन्याच्या पानावर हाताने पुन्हा लिहायची. यंत्रावर हे आपोआप घडते. येथे ते हेतुपुरस्सर कष्टाचे ठेवले आहे. तेच वाक्य तिसऱ्यांदा लिहिताना हात कंटाळतो, आणि कंटाळलेला हात मनाला विचारतो की हे काम खरोखर करावयाचे आहे काय, की केवळ सोडवत नाही म्हणून पुढे ढकलले जात आहे. ज्याला आपल्याकडे नित्यानित्यविवेक म्हणतात त्याचा हा घरगुती अभ्यास होय. जे लिहिण्याचेही श्रम घ्यावेसे वाटत नाहीत ते खोडून टाकावे, असा त्या वहीचा दंडक आहे, आणि खोडणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही, हे ज्यांनी जुनी दप्तरे आवरली आहेत त्यांना ठाऊक असेल.

स्वतःला ठिपक्यांनी मोजण्याची ही कल्पना मात्र नवी नव्हे. येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या ज्या साधनाग्रंथास रोमच्या धर्मपीठाने १५४८ साली मान्यता दिली, त्यात साधकाने एक दोष निवडून त्याचा पाठपुरावा कसा करावा याची तपशीलवार आज्ञा आहे. आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी दोन रेघा आखाव्या, एक दुपारच्या आत्मपरीक्षणाची आणि एक रात्रीच्या. जितक्या वेळा तो दोष घडला असेल तितके ठिपके त्या रेघेवर द्यावे. मग दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी, आजचा दिवस कालच्या दिवसाशी आणि हा आठवडा मागल्या आठवड्याशी ताडून पाहावा. वारागणिक रेघ आखूड होत जाते, कारण दोषही तसाच आखूड होत जावा ही अपेक्षा. ही साधना स्वतः केलेला त्याचा सहकारी फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यास उतरला होता, म्हणजे ठिपक्यांच्या या विद्येचा स्पर्श आपल्या किनाऱ्याला चार शतकांहून अधिक काळापूर्वीच झाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

पुढे अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने तिच्यातून देव जवळजवळ वगळला आणि कोष्टक ठेवले. तेरा सद्गुण, सात वार, तांबड्या शाईने आखलेली घरे, आणि चुकेल तेथे काळा ठिपका; दर आठवड्यास एका सद्गुणावर विशेष लक्ष, म्हणजे तेरा आठवड्यांत एक आवर्तन आणि वर्षात चार. जुने ठिपके खरवडून नव्या आवर्तनासाठी जागा करता करता वहीच्या कागदाला भोके पडू लागली, तेव्हा त्याने ती कोष्टके हस्तिदंताच्या पातळ पत्र्यांवर पक्क्या तांबड्या शाईने आखून घेतली, शिसपेन्सिलीने ठिपके दिले, आणि ओल्या स्पंजाने पुसून पाटी पुन्हा कोरी केली. आत्मचरित्रातील हा मजकूर वाचताना त्या माणसाच्या चिकाटीचे कौतुक वाटते आणि मौजही वाटते. पण त्यानेच पुढे प्रांजळपणे लिहिले आहे की सर्व विकारांत गर्व जिंकण्यास सर्वांत अवघड, आणि तो जिंकलाच असे वाटले तरी आपल्या विनयाचाच गर्व होईल. कोष्टकाचा हा अंगभूत दोष आहे. जो हिशेब ठेवतो, ज्याचा हिशेब ठेवतो आणि जो तो तपासतो ते तिघेही एकच असल्यामुळे, शिल्लक निघाली तर अहंकार वाढतो आणि तूट आली तर आत्मनिंदा वाढते. दोन्ही बाजूंनी व्याज ‘मी’च्याच खात्यावर चढते.

आपल्या परंपरेने ही अडचण ओळखली होती असे दिसते. पापपुण्याची वही असते हे तिने मान्य केले, पण लेखणी चित्रगुप्ताच्या हाती दिली, आणि ती वही माणसाला हयातीत पाहावयास मिळू नये अशीही व्यवस्था केली. माणसाने आपले कर्म करावे, फळावर नजर ठेवू नये, हा गीतेचा उपदेश घ्या, आणि त्याशेजारी तो रकान्यांचा तक्ता ठेवा की ज्यात सलग एकवीस दिवस ध्यानाला बसलो म्हणून एकवीस घरे हिरवी झाली आहेत व बाविसावे पांढरे राहिले म्हणून जीव हळहळतो आहे. ध्यान मागे पडले आणि हिरवे घर हेच फळ होऊन बसले! तेव्हा अशा वह्या फेकून द्याव्यात असे कोणी वैराग्यवान म्हणेल. मी तसे म्हणत नाही. रोजच्या रोज टिपण ठेवल्याशिवाय संसार आणि परमार्थ दोन्ही ढिले पडतात, हे सांगण्यास कोण्या साधूची गरज नाही. प्रश्न इतकाच की या पानावर ‘मी’खेरीज दुसरे कोणी असावे काय.

येथेच निसर्गाच्या त्या चित्राचा खरा विचार सुरू होतो. युरोपात मध्ययुगाच्या उत्तरार्धात श्रीमंत गृहस्थ आणि स्त्रिया आपापल्या प्रार्थनेच्या सचित्र पोथ्या करवून घेत. प्रहराप्रहराच्या प्रार्थनांच्या आधी त्यांत बारा महिन्यांची दिनदर्शिका असे आणि दर महिन्यास त्या त्या ऋतूचे व शेतकामाचे चित्र. फ्रान्सच्या बेरी परगण्याच्या ड्यूकासाठी लिंबूर्ग घराण्यातील तिघा भावांनी सुमारे १४१२ पासून जी पोथी चितारावयास घेतली ती या जातीतील सर्वांत प्रसिद्ध. १४१६ साली ते तिघे भाऊ आणि तो ड्यूक सर्वच वारले, आणि पोथी अपुरी राहिली. आज ती शांतिली येथील संग्रहालयात आहे. तिच्यातील फेब्रुवारीचे पान पाहावे. कुंपणातील मेंढ्या एकमेकींना बिलगल्या आहेत, मधमाश्यांच्या पेट्यांवर बर्फाच्या टोप्या चढल्या आहेत, एकजण लाकूड तोडतो आहे, खोपटात माणसे शेकत बसली आहेत, आणि दूर टेकडीकडे कोणी गाढव हाकीत चालला आहे. ऑक्टोबरच्या पानावर पेरणी चालली असून धनुर्धाऱ्याचा वेष दिलेले बुजगावणे शेतात उभे आहे, तरी पाखरे दाणे टिपतातच. यांत ड्यूकाच्या मनःस्थितीचा मागमूस नाही. तो फेब्रुवारीत आनंदी होता की उदास, हे त्या बर्फाला ठाऊक नाही. प्रार्थना करणाऱ्याने आपले तोंड उघडण्यापूर्वी एवढे पाहून घ्यावयाचे की आपल्यावाचून जग चाललेले आहे, आणि ते थंडीत कुडकुडत चाललेले आहे.

आता आपल्याकडील संकल्प घ्या. सत्यनारायणापासून श्राद्धापर्यंत कोणतेही कर्म असो, पळीभर पाणी हातावर घेऊन ताम्हनात सोडण्यापूर्वी देशकालाचा उच्चार होतो, आणि त्याचा क्रम मोठा विचारपूर्वक लावलेला आहे. आधी कल्प, मन्वंतर आणि युग. मग जंबुद्वीप, भरतवर्ष, दंडकारण्य, आणि गोदावरीचा जो तीर आपणास लागू असेल तो. मग शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. सूर्य, चंद्र आणि गुरू कोणत्या राशीस आहेत ते. आणि एवढा सगळा पसारा सांगून झाल्यावर मग कोठे यजमानाचे गोत्र आणि नाव येते, आणि सर्वांच्या शेवटी ते काम, ज्यासाठी तो बसला आहे. गुरुजी हे भरभर म्हणून टाकतात, यजमान त्या वेळी जेवणाच्या पानांची संख्या मोजीत असतो, हे मला मान्य आहे. तरीही या क्रमात एक संपूर्ण तत्त्वज्ञान आहे. कर्ता शेवटून दुसरा आहे. त्याच्या आधी नदी येते, ऋतू येतो, चंद्र येतो. आणि होमाच्या वेळी तर आहुती सोडताना हे माझे नव्हे असे म्हणून तो उरलेला कर्ताही मोकळा होतो. महिन्याचे पान कसे आखावे, याचा याहून नेटका नमुना मला माहीत नाही: वर ऋतू, खाली आपण, आणि त्याखाली काम.

हा क्रम केवळ देवघरातच होता असेही नाही. मराठेशाहीच्या दप्तरात जो सुहूर सन चाले त्याला मृगसाल म्हणत, कारण सूर्य मृग नक्षत्रात जाई तेव्हा, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास, त्याचा आरंभ होई. अंकांची नावे अरबी, लिपी बहुधा मोडी, मजकूर वसुलीचा आणि शिबंदीचा, आणि वर्षाचा पहिला दिवस मात्र पावसाचा. फडावर बसलेला कारकून नव्या सालाची रोजकीर्द उघडी तेव्हा बाहेर ढग जमलेले असत. राज्याच्या जमेचा ज्याच्यावर भरवसा त्यालाच वर्षारंभी मान दिलेला होता. पंचांगात आजही मृगापासून पुढे पावसाची नक्षत्रे आणि त्यांची वाहने छापतात: कोठे म्हैस, कोठे बेडूक, कोठे हत्ती, कोठे गाढव, आणि अमुक नक्षत्राचे वाहन बेडूक निघाले म्हणून हायसे वाटणारे शेतकरी माझ्या पाहण्यात आहेत. ते वाहन खरे ठरते की नाही हा वाद वेगळा. तेरा-चौदा दिवसांच्या एका कालखंडाला एक जनावर नेमून द्यावे आणि त्या जनावराच्या स्वभावावरून पाण्याची अपेक्षा धरावी, ही कल्पना कोणत्याही ब्रशपेनच्या थीमहून अधिक रसरशीत आहे, एवढे माझे म्हणणे. आणि १९७३ पासून ‘कालनिर्णय’ घरोघर भिंतीवर लागले त्याचे पान तरी काय आहे? तिथी-नक्षत्र छापलेले, सण तांबड्या शाईत, आणि त्याच चौकोनांत घरधनिणीच्या बारीक अक्षरात दुधाचे खाडे, गॅसची टाकी लावल्याची तारीख, कामवाल्या बाईंची उचल. संकष्टी आणि अर्धा लिटर जास्त, ही दोन्ही एका चौकोनात सुखाने नांदतात. त्यात ‘स्वतःला घडवण्याचा’ आविर्भाव नाही, म्हणूनच बहुधा ते पान कोणाला छळतही नाही.

मग सजावट नकोच काय? काही विरक्त मंडळींचे तसे मत असते, पण ते खुद्द समर्थांना मानवले नसते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, आणि त्यात अक्षराचा गोलावा, ओळींचा सारखेपणा, शाई, बोरू, कागद, बांधणी यांचा असा काही बारकाईने विचार केला आहे की वाचणाऱ्याला वाटावे, हा सर्वसंगपरित्यागी कागदाच्या दुकानात बसलेला आहे. चहूंकडून समास सोडावा आणि मधल्या भागात ठसठशीत लिहावे, म्हणजे कडा झिजून गेल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही, असा त्यांचा सांगावा आहे. सौंदर्य येथे आहे, पण ते वाचणाऱ्याच्या आणि टिकण्याच्या सेवेस लावलेले आहे. दुसऱ्या टोकास चैत्रांगण. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्यतृतीयेपर्यंत, म्हणजे बरोबर एक महिना, गौरीपुढे अंगणात जी रांगोळी काढीत तिच्यात सूर्य, चंद्र, तुळस, कमळ, गोपद्मे, शंख, नाग, कासव, मोर, हत्ती, गौरीचा पाळणा असे सारे जग पांढऱ्या रेघांत उतरे. महिन्याचे सृष्टिचित्र काढण्याची ही आपली जुनी रीत. ते काढणाऱ्या बाईला त्याच्या खाली आपले नाव घालावेसे वाटत नसे, आणि दुसऱ्या दिवशी सडा पडला की ते जाई. ती पुन्हा काढी. चातुर्मासात रोज तेहेतीस गोपद्मे काढण्याचा नेम धरणाऱ्या बायकाही काल काढलेली मोजून ठेवीत नसत. नेम होता, नेमाचा संग्रह नव्हता. आजच्या वहीतला ठिपका छापील असतो आणि चित्र कायमचे राहते, राहतेच नव्हे तर त्याचे छायाचित्र जगाला दाखविले जाते. तक्रार करण्याजोगे काही असलेच तर ते एवढेच.

नव्हे, आणखी एक तक्रार आहे, आणि ती मला अधिक मोठी वाटते. या वह्यांत एक फार लोकप्रिय चित्र असते. एक फांदी, तिला एकतीस पाने. दररोज एक पान रंगवायचे, दिवस आनंदात गेला तर पिवळे, दुःखात गेला तर निळे, रागात गेला तर तांबडे. महिनाअखेर फांदी रंगीबेरंगी होते आणि दिसतेही सुरेख. पण या झाडाला स्वतःचे म्हणून काहीच उरले नाही. त्याची पालवी आपल्या लहरीने फुटते, त्याची पानगळ आपल्या खिन्नतेची असते. निसर्ग म्हणून जे काढले तो आपल्याच मनाचा आणखी एक तक्ता निघाला. कवींनी मनोविकारांचे आरोप सृष्टीवर पूर्वीपासून केले आहेत हे खरे, परंतु ‘ऋतुसंहार’ लिहिणाऱ्याने निदान तापलेली धूळ आणि तहानलेली जनावरे आधी नीट पाहिली होती, आरोप मागाहून. येथे पाहणे वगळून आरोप केला जातो. त्याच तोलाची दुसरी गोष्ट म्हणजे ऑक्टोबराच्या पानावर लाल मेपलची पाने आणि मार्चात चेरीचा मोहोर. ऑक्टोबरात आपल्याकडे उकाडा होतो, भाताची कापणी येते, सोनकीची पिवळी टेकाडे सुकू लागतात. तांबडे व्हावयाचे ते फाल्गुनात, आणि ती पाने नसून पळस, पांगारा व काटेसावर यांची फुले असतात. न पाहिलेल्या झाडाला आपल्या महिन्याचा साक्षीदार म्हणून उभे करणे, याला कोर्टकचेरीच्या भाषेत काय म्हणतात ते वाचकांस ठाऊक आहे.

मात्र येथे स्वदेशीचा डंका पिटण्याचे कारण नाही, कारण हाच अपराध आमच्या संकल्पातही घडतो. ज्येष्ठ व आषाढ हे शास्त्राने ग्रीष्माचे महिने ठरवून दिले आहेत; तेव्हा आषाढात रत्नागिरीस मुसळधार पावसात, पागोळ्यांच्या आवाजामुळे ज्यांचा शब्द ऐकू येत नाही असे गुरुजी, गंभीरपणे ग्रीष्म ऋतूचा उच्चार करतात आणि ओलेचिंब यजमान त्यावर पाणी सोडतो. ऋतूंची ही वाटणी ज्या प्रदेशात बसली तो कोकण नव्हे, हे उघड आहे. मेपलचे पान आणि आषाढातला ग्रीष्म यांत तत्त्वतः काही फरक मला दिसत नाही. दोन्ही ठिकाणी पाहण्याची जागा पाठांतराने घेतली आहे. उलट जपानात काय झाले ते पाहावे. चीनमधून त्यांनी वर्षाचे पाच-पाच दिवसांचे बहात्तर विभाग घेतले, त्यांत कोणता पक्षी कधी येतो, कोणते फूल कधी उमलते याचा निर्देश असे. शतकानुशतके ते तसेच चालले. पण सतराव्या शतकात शिबुकावा शुंकाई या ज्योतिर्विदाने, ज्याची कालगणना १६८५ पासून अमलात आली, ते विभाग आपल्या देशाच्या हवामानाशी ताडून पुन्हा लिहिले. परक्याचे पान फाडण्याऐवजी त्याने ते आपल्या अंगणात उभे राहून दुरुस्त केले. याला मी धर्मकृत्य समजतो.

शहरात राहणाऱ्याने हे कसे करावे, असा आक्षेप येईल. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत. आणि त्या मुंबईत राहत होत्या, हे एक उत्तर. दुसरे उत्तर असे की शहरातील ऋतू अदृश्य नसतो, फक्त त्याचा वेष गरिबीचा असतो. वैशाखात सोनमोहराच्या पिवळ्या पाकळ्यांचा थर रस्त्याकडेच्या मोटारींच्या टपांवर बसतो. बहावा एखाद्या सरकारी वसाहतीच्या आवारात लोंबत असतो. कावळे काड्यांबरोबर तारांचे तुकडेही पळवून घरटी बांधू लागतात, आणि कोकिळा त्यांच्या पाळतीवर असते. एवढे टिपावयास अरण्यात जावे लागत नाही. खिडकी असली की पुरे, आणि ती उघडण्याची सवय.

पण टिपून टिपून आपण सृष्टीचाही रकाना करून टाकू, ही भीती खरी आहे, आणि तिच्यावर सह्याद्रीनेच एक उतारा ठेवला आहे. कारवी. डोंगरउतारावर पुरुषभर उंचीचे तिचे रान दरवर्षी पावसात हिरवे होते, उन्हाळ्यात वाळक्या काटक्यांसारखे दिसते, आणि फुलत नाही. खरखरीत पानांची, सरळ काठ्यांची. काठ्यांचे कूड करून त्यांवर शेणमातीचा गिलावा दिला की झोपडीची भिंत होते, एवढ्यापुरतीच माणसाला तिची ओळख असते. आणि मग सात-आठ वर्षांनी एखाद्या श्रावण-भाद्रपदात सगळे रान एकदम जांभळे होऊन जाते, माश्यांचा गुंजारव दिवसभर चालतो, बीज धरते, आणि झाड मरते. पुढच्या पावसाच्या पहिल्या सरीने वाळलेली बोंडे ताडताड फुटून बी उडते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८ मध्ये फुलली आणि मग २०१६ मध्ये. मधल्या वर्षांच्या कोणत्याही वहीत तिचा कोणताही रकाना भरला नसता. आमच्या कोष्टकाच्या भाषेत सांगायचे तर ती सलग सात वर्षे नापास झाली. बुलेट जर्नलमध्ये पुढील कामांसाठी जी आगाऊ पाने राखतात ती बहुधा सहा महिन्यांपुरती असतात. कारवीची मुदत त्यांत मावत नाही. आणि माणसाच्या आयुष्यातीलही ज्या गोष्टी खरोखर मोलाच्या असतात, शोक निवणे, एखादी विद्या अंगी मुरणे, दुरावलेल्या भावाशी पुन्हा बोलू लागणे, त्यांची मुदत कारवीच्या जातीची असते, तेरड्याच्या नव्हे. त्या महिनाअखेरच्या ताळेबंदात दिसत नाहीत, एवढ्यावरून त्या चाललेल्या नाहीत असे ठरत नाही. आपल्या हिशेबाबाहेरचे, आपल्या मुदतीला न जुमानणारे असे काहीतरी पानावर डोळ्यांसमोर असले, तर खालचे रकाने आपोआप आपल्या मर्यादेत राहतात. साक्षीदार म्हणतो मी तो याच अर्थाने.

म्हणून माझा निकाल असा. महिन्याच्या पानावर निसर्ग असावा, पण तो महिना उजाडण्यापूर्वी काढू नये. एकतीस तारखेच्या रात्री बसून पुढल्या तीस दिवसांची फुले आगाऊ रंगवून टाकणे म्हणजे न आलेल्या पाहुण्याचे जेवण आपणच जेवून घेणे. वरचा एक तृतीयांश भाग कोरा सोडावा. त्यात जे दिसेल ते दिसेल त्या दिवशी काढावे, येत असेल तर चित्राने, नसेल तर शब्दाने: कोणत्या तारखेस कोणते झाड, कोणता पक्षी, कोणता वारा. ज्या दिवशी काही दिसले नाही त्या दिवशी काही काढू नये, आणि त्या कोऱ्या जागेला खाडा समजू नये. त्याखाली एक रेघ मारावी, आणि तिच्या खाली खुशाल आपले ठिपके, फुल्या, पाण्याचे पेले आणि पावलांचे आकडे लिहावेत. महिना संपला की राहिलेली कामे नव्या पानावर उतरवून घ्यावीत. वरचा भाग उतरवून घेऊ नये, तो त्या महिन्याचा होता.

येत्या जूनचे पान आखावयास जे बसतील त्यांना एक विनंती आहे. मृगाचा पहिला पाऊस कधी पडला याची नोंद त्या कोऱ्या जागेत अवश्य करा, पण ती तारीख वर्तमानपत्रातून किंवा वेधशाळेच्या पत्रकातून उतरवून घेऊ नका. ती दुसऱ्या गावची असते. आपल्या दारात पाणी पडेल तीच तारीख लिहा, मग ती पंचांगाशी जुळो वा न जुळो.